भोंग्यावरचं नाव

दिग्रसच्या लोकांवर माझा राग आहे, आणि तो मी आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की गोड बोलत बोलत चिमटा काढला. मी गोड बोलणारच नाही. ज्या गावानं माझ्या मरणाला हार आणले आणि मी जिवंत निघाले म्हणून तोंडं वाकडी केली, त्या गावाबद्दल गोड कसं बोलू? पण सांगायचं आहे ते गावाबद्दल नाही, भोंगेवाल्या चाचांबद्दल आहे. चाचांबद्दल बोलायचं तर गाव मधे येतंच, त्याला माझा इलाज नाही. आणि चाचांवर माझा राग नाही असंही कोणी समजू नये. त्यांच्यावर तर सगळ्यात जास्त आहे.

चाचांची तीनचाकी ऑटो होती. टपावर मोठा भोंगा, आत बॅटरी आणि मशीन, मशीन एका जुन्या ओढणीनं सीटला बांधलेलं. गावात कोणी वारलं, नळाला पाणी येणार नसलं, कोणाची म्हैस हरवली, साड्यांचा सेल लागला, की चाचांना निरोप जायचा. ते माईकवर आधी "फू" करायचे, मग "इकडे लक्ष द्या" म्हणायचे, आणि मग जे काय असेल ते एकाच जड, संथ आवाजात सांगायचे. मयत असो की म्हैस, आवाज तोच. निवडणुकीचं काम मात्र ते घेत नसत. "त्यायचं तोंडच भोंगा आहे, त्यायले माहा कायले पायजे?" म्हणायचे. त्यामुळे झालं असं की त्या भोंग्यावरून माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि गल्लीसकट, निघालं की त्याचा अर्थ एकच. तो माणूस गेला. कपडे वाळत घालणारी बाई नाव ऐकून आधी पदर डोक्यावर घ्यायची आणि मग विचारायची, कोण गेलं वो म्हणून.

माईकवर असा आवाज असलेला हा माणूस एरवी इतका हळू बोलायचा की समोरच्याला वाकून कान पुढे करावा लागायचा. गळ्याला बारमाही मफलर. आमच्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, पण भर मे महिन्यातही मफलर सुटायचा नाही. सोबत थर्मासमध्ये गरम पाणी. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, चाचा जरा मोठ्यानं बोला ना, तर ते त्याहून हळू बोलायचे. "आवाज धंद्याचा आहे. खालीपिली कायले खर्चू?" मला हे नाटक वाटायचं. अजूनही थोडं नाटकच वाटतं.

हा माणूस भोंग्यावरून गाणी सुचवायचा. हो, सुचवायचा. वाजवणारे गावात खंडीभर होते. कोणाच्याही लग्नात जा, तीच ती गाजलेली गाणी, छातीत धडधड होईपर्यंत. चाचा फक्त अशांची गाणी लावायचे ज्यांना कोणी ओळखत नव्हतं. दारव्हा, पुसद, बाभुळगाव, मधले बंजाऱ्यांचे तांडे, अशा ठिकाणची पोट्टे-पोट्टी मोबाईलवर गाणी बनवायची, इंटरनेटवर टाकायची, आणि ती गाणी तिथंच पडून राहायची. कोणी ऐकायचं नाही. कोणी कसं ऐकेल? मोबाईल आपल्याला काय सुचवतो? सगळं जग जे ऐकतं तेच. चाचा म्हणायचे, "मोबाईल चापलूस आहे. तुले काल जे आवडलं तेच आज घेऊन येते. मी चापलूस नोहो. मी तुले आवडन का नाही ते पाहातच नाही."

खरंच पाहायचे नाहीत. बसस्टँडसमोर, मार्केट यार्डाच्या फाटकाशी आणि आठवडी बाजारात ते ऑटो थांबवायचे. कामाचं जे काय सांगायचं ते सांगून झालं की पुन्हा "फू". "इकडे लक्ष द्या. नवीन गाणं आलं आहे. तांड्यावरच्या पोट्ट्यायनं बनवलं, गोरबोलीत आहे. सुरुवात बेकार आहे. पन पुढं एक ओळ अशी आहे का मी दोन दिवस जेवलो नाही बराबर. आयका." आणि गाणं सुरू. भाजीवाल्या ओरडायच्या, "बंद करा बाप्पा!" तसे चाचा बटण फिरवून आवाज वाढवायचे.

एकदा एका साडीवाल्यानं त्यांना सेलचं काम दिलं. चाचांनी बाजारात सांगितलं, "साड्यांचा सेल लागला आहे. साड्या मी पाह्यल्या नाही, त्याच्यानं चांगल्या का वाईट मले मालूम नाही. आता गाणं आयका. हे मी आयकलं आहे, हे चांगलं आहे." साडीवाला असा भडकला की दुकानातून मोजपट्टी घेऊन धावत आला. चाचांनी त्याला हळूच सांगितलं, "शेठ, साड्या दाखवा, मंग सांगतो." आणि साडीवाल्यानं दाखवल्या की! दुसऱ्या दिवशी चाचांनी जाहीर केलं की साड्या पाहिल्या, दोन-चार बऱ्या आहेत. या माणसाचं करायचं काय, असं सगळ्या गावाला वाटायचं, आणि तेव्हा मलाही वाटायचं.

गाणं पास व्हायची त्यांची एक पद्धत होती. कापसाच्या जिनिंग मिलच्या मागं मोकळी जागा होती, तिथं ऑटो उभी करायची, भोंग्यावर गाणं लावायचं आणि आपण दूर कडुनिंबापाशी जाऊन पाठ करून उभं राहायचं. "भोंगा सगळं खाते," म्हणायचे. "ढोल खाते, झंकार खाते, महागाचं मशीन खाते. मंग जे उरते ते गाणं." दारव्ह्याचा एक पोट्टा मोठ्या ऐटीत रॅप घेऊन आला होता, बोटात अंगठ्या, डोळ्याला गॉगल. भोंग्यानं त्याचं सगळं खाल्लं. उरली एक ओळ. चाचा म्हणाले, "ही ठेव, बाकी फेक." तो शिव्या देत गेला, आणि पुढच्या हंगामात नुसत्या टाळ्यांवर म्हटलेलं गाणं घेऊन परत आला. चाचांनी ते महिनाभर वाजवलं. लोकांनी महिनाभर शिव्या दिल्या. पण बसस्टँडवरचे कंडक्टर ते गुणगुणायला लागले होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नंतर विचारलं की म्हणायचे, छे, कोणतं गाणं?

मी तेव्हा दिग्रसच्याच कॉलेजात होते. आमचं घर शेतकऱ्याचं. कापूस, सोयाबीन, तूर, काही कमी नव्हतं. कमी होती ती जागा, कारण बाबा भाव वाढायची वाट पाहायचे आणि तोवर वेचलेला सगळा कापूस घरातल्या मोठ्या खोलीत भरून ठेवायचे. पार आढ्यापर्यंत. खोलीला कुलूप, किल्ली बाबांच्या करदोट्याला, दुसरी देवघरात. आणि आम्ही ओसरीवर. आईला दमा. कापसाची बारीक तूस घरभर उडायची, आई थंडीत ओसरीवर रात्रभर खोकायची आणि कापूस आत उबदार झोपायचा. कोणाला यात काही चुकीचं वाटायचं नाही. बाबांना नाही, आजूबाजूच्यांना नाही, आईलासुद्धा नाही. अख्ख्या गल्लीत तसंच होतं. मला मात्र ते कुलूप पाहिलं की डोकं फिरायचं. त्या रागातून मी एक गाणं केलं होतं आणि ते भांडी घासताना म्हणायचे:

कापसाले खोली देल्ली,
मायले ओसरीचा कोपरा,
कापसाले कुलूप लावलं,
मायले वारा बोचरा.

एक दिवस गल्लीत नळाचं सांगायला आलेली चाचांची ऑटो आमच्या दारात थांबली आणि हलेचना. चाचा उतरले, ओसरीशी आले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी वाकले. "पुन्हा म्हण," असं म्हणत होते.

मी म्हटलं. ते माझ्याकडे पाठ करून ऐकत राहिले. मग विचारलं, "त्या खोलीत काय आहे?"

"कापूस."

"दरवाजा खोल."

बाबा वावरात होते. आईनं देवघरातली किल्ली काढून दिली. का दिली ते तिलाच ठाऊक. चाचांनी दारात उभं राहून आत टाळी वाजवली. टाळी तिथंच मेली. काही घुमलं नाही, काही परत आलं नाही. चाचांचे डोळे असे चमकले की मी घाबरलेच. "मुंबईचे स्टुडिओवाले यासाठी भिंतीले काय काय चिपकवतात," ते म्हणाले. "तुह्या बापानं फुकटात करून ठेवलं. आत बस अन् गाय."

कापसात बसून गाणं म्हणजे काय असतं ते ज्याला खाज सुटलीय त्यालाच कळेल. मानेपासून पायापर्यंत अंगाची आग. मी खाजवत, शिव्या देत गायले. आईनं दाराबाहेर उभं राहून खोकला पदरात दाबून धरला, गाण्यात येऊ नये म्हणून. मोबाईलवर ते गाणं इतकं स्वच्छ आलं की माझाच आवाज मला परका वाटला. चाचांनी ते जिनिंगमागं नेऊन भोंग्यावर ऐकलं आणि परत येऊन सांगितलं, "पास. तिसरं कडवं कमजोर आहे."

"काय कमजोर आहे त्यात?" मी चिडले.

"पयल्या दोन्हींत तू चिडून आहे. तिसऱ्यात रडून राह्यली. रडू नको."

"ते तसंच राहील."

"राहू दे. मी सांगन लोकायले का कमजोर आहे."

त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी ओरडत होते आणि ते कुजबुजत होते. दुसरं भांडण नावावरून. मी म्हटलं, एखादं टोपणनाव घ्या, सगळे तसंच करतात. ते म्हणाले, "बाकीचे पोट्टे लपतात. तू कायले लपते? ज्यानं गायलं त्याचं पूरं नाव. बापाच्या नावासकट, गल्लीसकट. इज्जतीनं." माझ्या नावाला कोणी इज्जत हा शब्द अशा अर्थानं लावला तो पहिल्यांदा. आमच्याकडे तो शब्द पोरींसाठी वेगळ्याच कामाला काढतात. मग मीच म्हटलं, घ्या पूर्ण नाव. गाणं भोंग्यावर कधी लावणार हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मी मागच्या दारी भांडी घासत होते. बसस्टँडकडून भोंगा ऐकू आला. फू. इकडे लक्ष द्या. आणि मग माझं नाव. पूर्ण. बाबांचं नाव, आमची गल्ली. त्याच्या पुढचं बोलणं वाऱ्यावर गेलं, आणि मग लांबून माझा आवाज, संथ, एकटा, माय माय करणारा. मला इतका आनंद झाला की कढई तशीच टाकून राखेच्या हातानं मी ओसरीत धावले. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि मग गल्लीतून हंबरडा ऐकू आला.

शेजारची काकू. नळावरच्या भांडणापासून ती आमच्याशी बोलत नव्हती, आणि आदल्याच दिवशी माझ्या चालण्यावरून मला शिंगरू म्हणाली होती. ती छाती पिटत आली. "माय वो माय! सोन्यासारखी पोट्टी गेली वो!" तिच्या मागं आणखी बायका. त्यांच्या मागं पुरुष, टोप्या काढलेले. जिनिंगवाल्या शेठचा मुनीम हार घेऊन. माझ्या कॉलेजचे सर, ज्यांनी गॅदरिंगमध्ये मला गाऊ दिलं नव्हतं, तेही हार घेऊन. अंगण भरलं, गल्ली भरली. आणि मी ओसरीत उभी, दोन्ही हात राखेनं काळे.

काकूनं मला पाहिलं आणि तिचा हंबरडा अर्ध्यात राहिला. आईच पुढं झाली. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी माझी आई दम लागेपर्यंत ओरडली, "मेली नाही वो! गायली ते, गायली!"

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? पोरगी जिवंत आहे म्हणून आनंद व्हावा की नाही? झाला. डोळ्यानं दिसला मला, पापणी लवेपर्यंत. मग काकूनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग नाव कायले घेतलं भोंग्यावर? लाज नाही काय?" सर म्हणाले, हे फार गैर आहे. मुनीम हाराकडे पाहत राहिला आणि फूलवाला परत घेईल की नाही यावर शेजाऱ्याशी चर्चा करत निघून गेला. एकानंही विचारलं नाही की कोणतं गाणं, काय आहे त्यात. मेले होते तेव्हा सोन्यासारखी होते. गात होते म्हटल्यावर निर्लज्ज. त्या दिवशी अंगणातून परत जाणाऱ्या त्या पाठी मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही.

बाबा मार्केट यार्डातून आले. मोटरसायकल त्यांनी अंगणात उभी केली नाही, पडू दिली. एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि नुसते पाहत राहिले. मग कोणीतरी मागून सांगितलं काय झालं ते. हात डोक्यावरच होते, पण ते हात बदलले. मला ते केसांच्या मुळापर्यंत कळलं.

संध्याकाळी चाचांना आमच्या ओसरीवर बोलावलं. बाबा, दोन-चार वडीलधारी, आणि एक-दोघं नुसतंच तेल ओतायला आलेले. त्यांनी चाचांच्या धर्मावरून काही बोलायला सुरुवात केली, तेव्हा बाबांनीच त्यांना दटावलं. हे मी सांगायलाच पाहिजे. पण त्यापुढचं बाबा जे बोलले तेही सांगायला पाहिजे.

"चाचा, उद्या भोंग्यावर सांगा का ते गाणं हिचं नोहो. चुकीनं नाव घेतलं म्हना. गाणं दुसऱ्या कोनाचं. नाहीतर गावात तुमाले एक काम भेटनार नाही. मयतीचंही नाही."

सगळे वाकून ऐकू लागले, कारण चाचा बोलत होते. "मयतीचं नाव घेतलं अन् माणूस जिता निघाला, त्याची माफी मांगतो. पाया पडतो. पन गाणं हिचं नाही, हे कसं सांगू? साड्या पाह्यल्या नव्हत्या तं पाह्यल्या नाही म्हनून सांगतलं होतं मी. हे तं मी आयकलं आहे."

"तुमचं पोट आहे त्याच्यावर," बाबा म्हणाले.

"हाव," चाचा म्हणाले. "माहीत आहे."

मी आतून बोलले. मला आत बसवलं होतं, कापसाच्या खोलीच्या दाराशी. मी म्हटलं, चाचा, सांगून टाका माझं नाही म्हणून, मी पुन्हा गाणार नाही. मला त्यांचं पोट वाचवायचं होतं. चाचा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुले कोनी इचारलं?" एवढंच. अपमानाचा इतका राग मला कधी कोणी आणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव कान देऊन बसलं होतं. फू. इकडे लक्ष द्या. माझं नाव, बाबांचं नाव, गल्ली. "जिती आहे. काल ज्यायनं हार आनले त्यायची माफी मांगतो. गाणं तिचंच आहे. तिसरं कडवं कमजोर आहे. आयका." आणि अख्खं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज पूर्ण वाढवून.

गावानं बोललेलं खरं केलं. एक काम येईना. दिवस न घालवता दुसऱ्याची ऑटो आली, तिच्यात रेकॉर्ड केलेला कुठल्याशा बाईचा आवाज, मयतीलाही हसत बोलणारा. तो लोकांना चालला. मग कोणीतरी आवाजाची तक्रार केली. चाचांनी भोंगा स्वतःच उतरवला, ऑटोला सीट टाकली आणि सवारी मारू लागले. वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडून आपल्या मेलेल्यांची नावं इज्जतीनं ऐकलेल्या गावानं हे केलं. त्यातला एकही माणूस वाईट नव्हता म्हणतात. मला हे वाक्य ऐकलं की संताप येतो. वाईट नव्हते तर कोण होते?

बाबांनी मला पाहायला पाहुणे बोलावले, मी नाही म्हटलं, घरात बोलणं बंद झालं. मी यवतमाळला नोकरी धरली. आईला सोबत नेलं आणि भाड्याच्या घरातली एकुलती एक खोली तिला दिली. गात राहिले. चाचांशी फोनवर बोलणं व्हायचं, म्हणजे फोन कानात घुसवून मी ऐकायचे. दर नव्या गाण्यात त्यांना काहीतरी कमजोर सापडायचं. हळूहळू माझी गाणी बाहेर ऐकली जायला लागली. पुण्याकडचे, नागपूरकडचे लोक ऐकायचे, लिहायचे. आणि एक दिवस दिग्रसहून फोन. सत्कार करायचाय. दिग्रसची लेक! चौकात माझा फोटो लावलेलं बॅनर, आणि बॅनरवर नमस्कार करणाऱ्यांमध्ये तो साडीवालासुद्धा.

मी जाणार नव्हते. मग म्हटलं, येते, पण चाचांना बोलवा. संयोजक म्हणाले, बघू. गेले तेव्हा सभागृह गच्च होतं. बाबा पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा. काकू दुसऱ्या रांगेत. सर व्यासपीठावर, माझ्या आवाजाला आपणच कॉलेजात कसं ओळखलं होतं ते सांगत होते. चाचा पार शेवटच्या रांगेत, चहाच्या टेबलाजवळ, मफलर बांधून. त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. एकदाही नाही. माझ्या गळ्यात हारावर हार पडत होते आणि मला त्या झेंडूचा वास सहन होईना.

मला बोलायला उभं केलं. मी माईक हातात घेतला. काही ठरवून गेले नव्हते, शप्पथ. मी "फू" केलं.

"इकडे लक्ष द्या."

मी त्याच जड, संथ आवाजात चाचांचं नाव घेतलं. पूर्ण. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, मोहल्ल्यासकट. आणि थांबले.

काय सांगू तुम्हाला! खुर्च्या सरकल्या. माणसं उभी राहिली. काकूनं पदर डोक्यावर घेतला. सर पुटपुटले, "अरेरे, कधी?" साडीवाला मोठ्यानं म्हणाला, "खरं बोलनारा मानूस गेला बाप्पा." कोणी म्हणालं देवमाणूस, कोणी म्हणालं त्याच्यासारखा आवाज पुन्हा होणार नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं चांगलं भसाभसा बाहेर आलं. बाबांनी हळूच डोक्यावरचा फेटा काढला आणि मांडीवर धरला. त्यांची मान खाली होती.

"जिते आहेत," मी म्हटलं. "मागं बसलेत, चहाच्या टेबलाजवळ. वळा. आता त्यांच्या तोंडावर बोला काय बोलायचं ते."

सगळे वळले. आणि मग तेच, अगदी तेच झालं. तोंडं वाकडी. काकू म्हणाली, "अशी थट्टा करतात काय?" सर म्हणाले, हे फार गैर आहे. बाबांनी मात्र फेटा परत घातला नाही.

चाचा उठले. मधल्या वाटेनं हळूहळू चालत व्यासपीठावर आले आणि काहीतरी म्हणाले. मी वाकले.

"नाव तं घेतलं. आता गाणं कोनाचं?"

"माझं लावायचं ठरलंय."

"तुले माही काय गरज? तू तं बॅनरवर चढली." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. तेवढ्यात संयोजकांनी कार्यक्रम आवरला, वेळ संपला म्हणून खूण केली, आणि माईकवाल्यानं वायर काढून घेतली. माईक मेला. लोक उठायला लागले.

चाचांनी मेलेल्या माईककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गळ्यातला मफलर सोडला. त्यांचा गळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. म्हातारा, सुरकुतलेला. आणि त्या गळ्यातून माईकशिवाय, भोंग्याशिवाय, असा आवाज आला की दारापर्यंत गेलेली माणसं जागच्या जागी थांबली.

"इकडे लक्ष द्या!"

मग त्यांनी बाभुळगावच्या एका पोरीचं नाव घेतलं. तिच्या बापाचं, तिच्या मायचंही, गल्लीसकट. मोबाईल डोक्याच्या वर धरला. त्यातून येणारा आवाज इतका बारीक होता की श्वास धरल्याशिवाय ऐकू येणं शक्य नव्हतं.

"जिती आहे," चाचा म्हणाले. "अन् हिचं तिसरं कडवंही चांगलं आहे. आयका."